भजन एकट्याचे नव्हे

गणेशपुरीत दिवेलागण झाली, की नित्यानंदांच्या समाधिमंदिराकडून झांजांचा आवाज येऊ लागतो. तानसा नदीच्या काठचे, गरम पाण्याच्या कुंडांचे हे गाव. १९६१ च्या ऑगस्टमध्ये नित्यानंदबाबांनी येथेच देह ठेवला आणि तेव्हापासून येथली संध्याकाळ एकट्या माणसाची राहिलेली नाही. आरतीला दहा माणसे असोत वा गुरुपौर्णिमेची गर्दी असो, आवाज एकाचा वाटत नाही. माझ्या ओसरीवर वह्या तपासत बसलेला मी तो रोज ऐकतो.

शेजारचे बुवा भजनी मंडळात पखवाज वाजवतात. एका रविवारी सकाळी ते कुंडावरून आंघोळ करून परतत होते. ओसरीवर मी ‘उपासना संगीत’ उघडून हलक्या आवाजात टिळकांचे एक भजन म्हणत होतो. बुवा थांबले, खांद्यावरचा ओला पंचा सावरला आणि म्हणाले, “मास्तर, चाल झकास आहे. पण एकट्यानं कसलं भजन? टाळ धरायला तरी दुसरा हात हवा की!”

ते सहज बोलून गेले. मला मात्र त्या प्रश्नाने बरेच दिवस सोडले नाही. त्याचे कारण सांगायचे, तर थोडी माझी ओळख करून दिली पाहिजे. मी नगर जिल्ह्यातला, म्हणजे आता अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातला, ख्रिस्ती माणूस. शिक्षण मॅट्रिकपुरते, पोटासाठी शाळेत शिकवतो आणि हौसेसाठी कादंबऱ्या लिहितो. माझ्या पंथाची मंडळी येथे नाही. उपासनेला जायचे, तर एसटीच्या दोन गाड्या बदलाव्या लागतात. त्यामुळे माझे बरेचसे रविवार पुस्तक आणि मी एवढ्यावरच भागतात. आणि भागत नाहीत, हेही खरेच.

बुवांनी ज्याला हात घातला, तो प्रश्न एका बाजूने श्रद्धेचा असला, तरी दुसऱ्या बाजूने तो शुद्ध वाङ्मयीन प्रश्न आहे. मराठी टीकेने रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे दोन तुकडे केले आहेत. एक तुकडा ‘केवढे हे क्रौर्य!’ आणि ‘वनवासी फूल’ लिहिणाऱ्या कवीचा. त्याला आपण फुलांमुलांचा कवी म्हटले, शाळेच्या पुस्तकांत घातले, बालकवींना घरात आसरा देणारा म्हणून त्याचे आभार मानले. दुसरा तुकडा ख्रिस्ती भजने रचणाऱ्या टिळकांचा. त्याच्याविषयी टीकाकार आदराने दोन वाक्ये लिहितात आणि पुढे जातात. ही रचना भक्तीची असेल, पण काव्य म्हणून ती फिकी आहे, असा एकूण सूर असतो. मीही अनेक वर्षे असेच मानीत होतो. ओसरीवर एकट्याने म्हणून पाहिली, की ती भजने खरोखरच मला थोडी फिकी वाटत. शब्द साधे, प्रतिमा मोजक्या, पुनरुक्ती बरीच.

पण मग तीच भजने आमच्या गावच्या देवळात म्हटली जात, तेव्हा मला भरून का येत असे? (आम्ही नगरकडचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो.) चूक भजनाची, की माझ्या मोजपट्टीची? भजन हे भावगीत नव्हे. भावगीत एकाने लिहावे आणि एकाने दिव्याखाली वाचावे. त्याचे सुख तेवढ्यात पुरे होते. भजन कागदावर अर्धेच असते, उरलेले अर्धे माणसांच्या गळ्यात असते. आमंत्रणपत्रिकेला जेवणाची चव नाही म्हणून नावे ठेवावीत, तसा काहीसा न्याय आपण या रचनांना दिला आहे.

हे पटवून घ्यायचे, तर जरा मागे, गोव्यापर्यंत जावे लागेल. १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि मराठी भाषेच्या अक्षरशः प्रेमात पडला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतल्या रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत होता. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला, तेव्हा कोठे सामान्य मराठी वाचकाला तो नीट वाचता आला. आपण या ग्रंथाची चर्चा करतो ती मराठीच्या गौरवाच्या ओव्यांसाठी. त्या गोड आहेतच. पण माझे लक्ष वेधले ते ग्रंथारंभीच्या एका प्रसंगाने. एक श्रोता पाद्रीगुरूंना म्हणतो, की जुनी पुराणे तुम्ही आम्हांला वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी काही द्याल की नाही?

ही मागणी मला फार बोलकी वाटते. त्या माणसाला धर्मसिद्धांत मिळाले होते, पाठ करायचे प्रश्नोत्तरही मिळाले असतील. त्याला उणे पडले होते ते जमून ऐकणे. धर्म बदलला, तेव्हा त्याच्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या. पुराणिक, श्रोते, ओवीच्या शेवटी डोलणारी मान, हे सारे एका फटक्यात गेले. स्टीफन्सचे मोठेपण असे, की त्याने ही भूक ओळखली आणि तिला ओवीच दिली, लॅटिन स्तोत्र दिले नाही. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. तेथे वाचणारा श्वास घेतो आणि ऐकणारे ‘हं’ म्हणतात. गोव्यात आणि पुढे मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांत हे पुराण जमावाने गाईले, ऐकले गेले. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवर बंदीचा हुकूम काढला आणि छापील प्रती तर आज एकही शिल्लक नाही. तरी ग्रंथ हस्तलिखितांतून वाचला. ज्या पुस्तकाभोवती माणसे जमतात, त्याची कोणीतरी नक्कल करून ठेवतो.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्याच साष्टीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली होती. ज्या श्रोत्याला नवे पुराण मिळाले, त्याचे जुने कोणी काढून घेतले हे विसरून ख्रिस्तपुराणाचे कौतुक करणे अप्रामाणिक ठरेल. मला तर ते विसरताच येत नाही. गणेशपुरीहून जवळच वज्रेश्वरीचे देऊळ आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई पोर्तुगिजांकडून घेतली, त्या विजयाच्या नवसाचे ते देऊळ. शाळेची सहल तेथे नेली, की मुलांना ही हकीकत मीच सांगतो. ख्रिस्ती मास्तराने ती सांगावी याचे मुलांना नवल वाटत नाही, आणि वाटू नये. सत्ताधाऱ्यांनी माणसे जमवणे वेगळे आणि माणसांनी आपण होऊन जमणे वेगळे. पहिल्यात आनंद नसतो. मी ज्या आनंदाविषयी लिहितो आहे, तो दुसऱ्यातला.

एकोणिसाव्या शतकात आमच्या नगरकडे अमेरिकन मिशनचे पाद्री आले, तेव्हा आपल्या गीतांचे मराठी तर्जुमे करून पाश्चात्त्य चालींवर ती म्हणवून घेऊ लागले. हेतू चांगला होता. कानाची मात्र पंचाईत झाली. इंग्रजी पद्य शब्दातल्या आघातावर चालते, मराठी पद्य अक्षरांच्या किंवा मात्रांच्या मोजणीवर. त्या चालीत मराठी शब्द बसवायचा, तर ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व करावे लागते. शब्दाच्या मध्येच सूर उंच चढतो आणि अर्थ खालीच राहतो. अशी काही गीते आजही आम्ही म्हणतो. सवयीने ती प्रियही झाली आहेत. पण ती म्हणताना माणूस पुस्तकाकडे पाहतो, शेजाऱ्याकडे पाहत नाही.

हे ओळखून कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाची देशी वाट धरली. पुढे १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ती वाट राजरस्त्यासारखी रुंद केली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचे ते बोलत. पुष्कळांना हे वाक्य केवळ चमत्कृती वाटते. मला ते छंदशास्त्राचे विधान वाटते. अभंगाचा मोठा प्रकार पाहा: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांना यमक. पहिले तीन चरण चालत येतात आणि चौथा चार अक्षरांत थांबतो. जी जागा उरते, ती टाळाची. कवीने ती रिकामी सोडलेली असते, जमलेल्या माणसांसाठी. छापील पानावर ती कोरी दिसते आणि टीकाकाराला वाटते, येथे काही नाही. देवळात त्याच जागी पन्नास माणसांचे हात पडतात.

दुसरी गोष्ट ध्रुपदाची. कडवे पुढच्याने म्हणावे आणि ध्रुपद सर्वांनी. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही ते पहिल्या खेपेला नाही तरी दुसऱ्या खेपेला येते. टीकाकार ज्याला पुनरुक्ती म्हणतो, तो अशिक्षितासाठी उघडा ठेवलेला दरवाजा आहे. नगर जिल्ह्यात जे ख्रिस्ती झाले, त्यांतले बहुसंख्य लोक त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातींतले होते. माझे पणजोबा त्यांतलेच. गावच्या देवळाची पायरी त्यांना चढता येत नव्हती. भजन त्यांना परके नव्हते. चोखोबांचे अभंग त्यांच्या रक्तात होते. पण चोखोबा चौदाव्या शतकात महाद्वाराबाहेर उभे राहिले आणि पंढरीचे देऊळ त्यांच्या माणसांसाठी उघडायला साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. मधली सहाशे वर्षे ज्यांनी भजन बाहेरून म्हटले, त्यांच्यापैकी काहींना एके दिवशी छपराखाली, सतरंजीवर, सर्वांबरोबर बसून ध्रुपद म्हणता आले. त्या ध्रुपदाचे मोल अलंकारांच्या यादीने कसे ठरवावे?

येथे आमच्या लोकांचेही दोष सांगतो, म्हणजे मी वकिली करतो असे कोणी म्हणायला नको. सतरंजी एक झाली, तरी सोयरीक जुळवताना जुनी जात हळूच विचारणारे ख्रिस्ती मी पाहिले आहेत. एका भजनाने सुटणारे हे गाठोडे नव्हे. आणि टिळकांची सगळीच भजने उत्तम आहेत असेही नाही. जेथे ते समजावून सांगू लागतात, तेथे भजनाचे प्रवचन होते. कडव्याला कडवे जोडले जाते आणि ध्रुपद केवळ रीत म्हणून परत येते. अशी भजने मंडळी म्हणते खरी, पण मनात ठेवीत नाही. माझ्या मते त्यांची खरी भजने ती, ज्यांत ‘मी’ ने सुरुवात होते आणि चौथ्या चरणापर्यंत तो ‘मी’ एकटा राहत नाही. भजनाची परीक्षा करायची, तर हीच करावी: ते एकट्याला एकटे ठेवते, की दुसऱ्याजवळ आणून बसवते?

या परीक्षेला माझ्याजवळ एक घरगुती पुरावा आहे. माझे वडील गेले, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आई देवळात आली. आईला वाचता येत नाही. भजने सगळी पाठ. त्या दिवशी तिच्या ओठांतून शब्द फुटेना. ती नुसती बसून राहिली. शेजारच्या बायका म्हणत होत्या, मागून पुरुष म्हणत होते. कोणी तिच्याकडे मुद्दाम पाहिले नाही, कोणी समजूत काढली नाही. शेवटच्या कडव्यानंतर ध्रुपद आले, तेव्हा चौथ्या चरणावर तिचा टाळीचा हात मात्र बरोबर पडला. घरी परतताना ती मला म्हणाली, “मी नाही म्हटलं रे, पण माझं म्हणणं झालं.”

उपासनेच्या आनंदाची याहून चांगली व्याख्या मला कोणत्याही ग्रंथात सापडलेली नाही. आपण आनंद घरून घेऊन देवळात जातो, असा समज असतो. पुष्कळदा आपण रिकामे जातो. त्या दिवशी शेजारच्याजवळ असतो, तो आपल्याला पुरतो. पुढल्या रविवारी आपल्याजवळ असेल, तो त्याला.

गद्यात हीच गोष्ट कोणी सांगितली असेल, तर ती लक्ष्मीबाई टिळकांनी. ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग १९३४ पासून पुढल्या काही वर्षांत निघाले. आपण त्यांतला विनोद वाखाणतो, टिळकांच्या विक्षिप्तपणाच्या हकीकती एकमेकांना सांगतो. पण ते पुस्तक एका दृष्टीने एकटे पडण्याचे आणि पुन्हा माणसांत येण्याचे पुस्तक आहे. नवरा ख्रिस्ती झाला आणि लक्ष्मीबाई ना इकडच्या ना तिकडच्या झाल्या. नंतर त्या टिळकांजवळ आल्या, तरी काही काळ चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कडक. चारी बाजूंना ख्रिस्ती माणसे आणि मध्ये या एकट्या. मग जाती देवाने केल्या नाहीत, माणसाने केल्या, हा विचार त्यांच्या मनात स्वच्छ उभा राहतो आणि सोवळे गळून पडते. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्षात घ्या, त्यांना जिंकले ते वादविवादाने नव्हे. त्यांनी आधी माणसांचे पाणी स्वीकारले, मग धर्म. संगतीचा आनंद हा त्यांच्या लेखी उपासनेचे बक्षीस नव्हता, तिचा उंबरठा होता. आणि हे सर्व त्या अशा भाषेत सांगतात, की वाचणाराही त्यांच्या ओसरीवर येऊन बसतो. ते पुस्तक मोठ्याने वाचून पाहावे; चार माणसे असली, तर ते दुप्पट हसवते.

खुद्द टिळकांना शेवटी देवळाच्या चार भिंतीही अपुऱ्या वाटल्या. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनीही ख्रिस्ताभोवती एकत्र बसावे, अशी त्यांची कल्पना. दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते गेले आणि दरबार मांडला तसा राहिला. संस्था म्हणून तो फसला, असे म्हणता येईल. पण भजनकाराच्या दृष्टीने पाहिले, तर त्याचे सारे आयुष्य याच दिशेने चालले होते. जो कवी चौथा चरण मोकळा ठेवतो, तो दरवाजा बंद कसा ठेवील?

गेल्या नाताळात मी वसईला गेलो होतो. आमच्या शाळेतले एक सहशिक्षक तिकडचे कॅथलिक, “मास्तर, घरी एकटे काय करणार? चला,” म्हणून घेऊन गेले. पंथ वेगळा, विधी वेगळा. मध्यरात्रीची मिस्सा होती. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तेथे लॅटिनच्या जागी मराठी आली. त्या मराठीत पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे लेखक घडले आणि २०२० साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हे सगळे मला ठाऊक होते. तरीही हजारभर माणसे एका दमात मराठीत प्रार्थना म्हणू लागली, तेव्हा मी चपापलो. प्रसाद घ्यायला रांग लागली, तेव्हा मी जागेवरच उभा राहिलो. त्यांच्या शिस्तीप्रमाणे तो मला नव्हता. याचे थोडे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण गाणे आले. चाल मला नवी होती. पहिले कडवे मी ऐकले आणि ध्रुपद दुसऱ्यांदा आले, तेव्हा मी त्यात होतो. शेजारच्या अनोळखी आजोबांनी आपले पुस्तक न बोलता माझ्याकडे थोडे सरकवले. प्रसादाच्या रांगेत नव्हते ते मला त्या पुस्तकाच्या अर्ध्या पानावर मिळाले.

परत आल्यावर मी बुवांना हे सांगितले. त्यांनी मला टिळकांचे ते रविवारचे भजन पुन्हा म्हणायला लावले आणि मांडीवर बोटांनी ठेका धरून पाहिला. चौथ्या चरणाशी त्यांचा हात आपोआप थांबला आणि पडला. “हे तर आमच्याच घरचं दिसतंय,” ते म्हणाले. मी म्हटले, “घर तेच आहे बुवा, बिऱ्हाड वेगळं आहे.” बुवा हसले. पण त्यांना त्यांच्या मंडळाकडे जायचे होते आणि मला माझ्या मंडळीची आठवण येत होती, हे दोघांनाही कळले. शेजारधर्म मोठा खरा. तो आपल्या माणसांची जागा घेत नाही, ती कोठे रिकामी आहे एवढे दाखवून देतो.

टीकाकारांना माझी विनंती एवढीच, की टिळकांच्या भजनांवर पुन्हा लिहायचे झाले, तर एखाद्या रविवारी खेड्यातल्या मराठी देवळात मागच्या सतरंजीवर बसून यावे. श्रद्धा असायलाच हवी असे नाही. हात मोकळे असले म्हणजे झाले.

हा अंक वाचकांच्या घरी फराळाच्या ताटाशेजारी पडेल, तेव्हा शाळेला दिवाळीची सुट्टी लागलेली असेल आणि मी गावी असेन. सुट्टीत रविवार येतोच. आई अजून त्याच जागी बसते. या खेपेला मी वह्या बरोबर नेणार नाही, आणि ‘उपासना संगीत’ही ओसरीवरच ठेवून जाणार आहे.